हिगाकीबाई यंत्रांची स्थळं बघतात

जपानमधल्या इमाबारीत टॉवेल बनतात आणि जहाजं बनतात, आणि दोन्हीकडच्या लोकांची लग्नं एकेकाळी फुसाए हिगाकी जुळवत असत. टॉवेलवाल्यांना जहाजवाले जरा राकट वाटतात, जहाजवाल्यांना टॉवेलवाले जरा मऊ. त्यामुळे मध्ये कुणीतरी लागायचंच. बाईंनी एकूण किती लग्नं जुळवली हे त्या सांगत नाहीत. मोडली किती हे मात्र विचारायच्या आत सांगतात: एक. "आणि तिथे मी आधीच सांगितलं होतं," हेही त्याच श्वासात.

हा धंदा कसा बसला ते समजायला अर्थशास्त्र लागत नाही. मुलंमुली एकमेकांना फोनवर शोधायला लागली, आणि मग शोधण्यातच त्यांना इतकी गोडी लागली की सापडण्याची निकड उरली नाही. बाईंचा समारंभाचा काळा रेशमी किमोनो डांबराच्या गोळ्यांच्या हवाली झाला. नवरा त्याआधीच गेला होता. पंचाहत्तरी ओलांडल्यावर वस्तीच्या सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे आली. ही किल्ली निवडणुकीने वगैरे मिळत नाही. बैठकीत जो सगळ्यात शेवटी नजर खाली घालतो त्याला मिळते, आणि बाईंना नजर खाली घालायची सवयच नव्हती.

त्या सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचा क्लब भरतो. क्लबाचा जाहीर हेतू असा की जुन्या संगणकांवर फुकट आणि खुल्या सिस्टिमी बसवून द्यायच्या. खुल्या म्हणजे ज्यांची आतली घडण कुणीही वाचावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. खरा हेतू असा की या सिस्टिमींपैकी श्रेष्ठ कोणती यावर दुपारभर भांडायचं. डेबियन नावाच्या सिस्टिमीच्या बाजूने सोगाबे बोलतात. ते फेरीबोटीच्या तिकीटघरात आहेत आणि त्यांनी आयुष्यात कधी बोट चुकवलेली नाही. फ्रीबीएसडीच्या बाजूने दंतवैद्य नोमा बोलतात. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायची त्यांना सवय आहे. आम्ही बाकीचे चहा ओततो.

बाई पहिल्यांदा आत आल्या त्या सभागृह बंद करायला. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. एका निवृत्त न्हाव्याच्या लॅपटॉपवर काय बसवावं यावर एकपासून चर्चा चालू होती, आणि न्हावी स्वतः कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. बाईंनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सरळ त्याच्यासमोर जाऊन बसल्या.

"यावर काय करता तुम्ही?"

"गोट्यांचा पट खेळतो. नातीचे फोटो बघतो."

"बिघडलं तर घरी कोण येतं?"

"कोण येणार?"

"नवीन काही शिकायची हौस?"

न्हाव्याने डोक्यावरून हात फिरवला. "आता?"

बाई आमच्याकडे वळल्या. "तुमच्या सगळ्या स्थळांत समजूतदार कोण आहे? चेहरा ओळखीचा, बोलणं सोपं, रोज उठून रूप बदलत नाही, असं?"

कुणीतरी पुटपुटलं, "मिंट."

"मग दुपारपासून तिचं नाव का निघालं नाही?"

"तिच्यात भांडण्यासारखं काही नाहीये, काकू," सोगाबे म्हणाले.

"यांना तेच हवंय," बाई म्हणाल्या, आणि किल्ली वाजवून दाखवली. सव्वापाचला मिंट बसली होती. न्हावी अजून तिच्यावर खेळतो आणि अजून हरतो, पण तो दोष सिस्टिमीचा नाही.

त्यानंतर बाई दर बैठकीला येऊ लागल्या. संगणकातलं त्यांना काहीही येत नव्हतं, अजूनही येत नाही. त्यांच्याकडे घडीचा फोन आहे आणि तो त्या फक्त मिटण्यासाठी उघडतात. पण स्थळाची चौकशी कशी करतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिला नियम असा की मुलाबद्दल मुलाच्या आईला विचारायचं नाही, शेजारणीला विचारायचं. म्हणून त्यांनी फ्रीबीएसडीबद्दल सोगाबेंना विचारलं आणि डेबियनबद्दल नोमांना.

सोगाबे नाइलाजाने म्हणाले, "फ्रीबीएसडी कष्टाळू आहे. सामान सांभाळण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. ठेवलेली वस्तू कुजली तर तिला वासावरून कळतं. पण माणूसघाणी आहे. नवा लॅपटॉप घरी आणला की तोंड फिरवून बसते."

नोमा म्हणाले, "डेबियन प्रामाणिक आहे हो, काकू. फक्त दोन वर्षांनी एकदा नवे कपडे शिवते, आणि ते शिवून येईपर्यंत त्यांची फॅशन गेलेली असते."

"म्हणजे घरातली थोरली सून," बाई म्हणाल्या. "मला आवडली."

अशाने बाईंच्या डोक्यात सगळी घराणी नीट बसली. दाताच्या क्ष-किरण चित्रांचा ढीग सांभाळायला नोमांच्याच दवाखान्यात फ्रीबीएसडी होती, ती तिथेच राहू दे म्हणाल्या. देवळातल्या गुरुजींना थोरली सून डेबियन दिली, कारण गुरुजींनाही घाई नव्हती. हिशेबतपासनिसाच्या कचेरीत आत काय चालतं ते बाईंनी बदलू दिलं नाही. बाहेरचं इंटरनेटचं जाळं जिथून आत येतं तिथे मात्र ओपनबीएसडी बसवली. "ही दारं लावणारी आहे," त्या म्हणाल्या. "हिला घरात घेऊ नका, उंबऱ्यावर बसवा." एका टॉवेल गिरणीत विणकामाचे नमुने मागाला पुरवणारं एक म्हातारं यंत्र होतं. ते इतकं जुनं की त्याला कुणीच घरात घेईना. तिथे नेटबीएसडी दिली, कारण ती कुणालाही नांदवून घेते. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याने आर्च मागितली. रोज नवी, भारी हुशार, पण सकाळी उठल्यावर घर जागेवर असेलच असं नाही. बाईंनी त्याच्याकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "प्रेमविवाह आहे. त्यात मी पडत नाही."

भांडणं बंद झाली असं नाही. फक्त आता ती पाचच्या आत संपतात.

गेल्या उन्हाळ्यात किन्या ओची आले. ज्या विंडोजवर निम्मं गाव चालत होतं तिला कंपनीकडून मिळणारा आधार ऑक्टोबरात संपणार होता, आणि पुढची विंडोज ओचींच्या लॅपटॉपला जुना म्हणून आत घेईना. लॅपटॉप त्यांनी निळ्या कापडात चार कोपरे बांधून आणला होता. ते रंगखान्यातून निवृत्त झालेले. टॉवेलाचा निळा कुठल्या निळ्याच्या किती जवळ आहे यावर त्यांचं पोट चाललं. बायको सुमिए त्याच्या आदल्या वर्षी वसंतात गेली. ती जहाजावर जोडकाम करणाऱ्याची मुलगी. टॉवेल आणि जहाज यांचं हे लग्न बाईंनीच चाळीसएक वर्षांपूर्वी जुळवलं होतं, आणि तेव्हापासून दर वर्षअखेरीला ओचींकडून संत्र्यांची पेटी न चुकता त्यांच्या दारात येते.

"यांना काय विचारायचं?" बाई आम्हाला म्हणाल्या. "भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतात, बेसबॉल बघतात, गळ टाकून बसतात. माझ्या हातचं घर आहे. मिंट."

सोगाबेंनी जुनी डिस्क काढली, नवी बसवली, तीवर मिंट टाकली. ओचींना ती पहिल्या दिवसापासून मानवली. "पूर्वीच्यापेक्षा लवकर उठते," ते म्हणाले. रंगखान्यातल्या माणसाकडून यापेक्षा मोठी दाद मिळत नाही. जुन्या डिस्कवर नावाची चिठ्ठी चिकटवून ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेली.

हा डबा म्हणजेही बाईंचीच योजना. आमच्याकडे आठ डिसेंबरला मोडक्या सुयांचं श्राद्ध करतात. वर्षभर ज्यांनी जाड कापड टोचलं त्या सुया शेवटी मऊ टोफूत खुपसायच्या, त्यांचे आभार मानायचे, आणि मग त्यांना सोडायचं. टॉवेलांच्या गावात हा दिवस कुणी विसरत नाही. क्लब जुन्या डिस्का भंगारात देतो हे कळल्यावर बाई चिडल्या होत्या. "माणसाचं सगळं बिचारीने पोटात ठेवलं, आणि तुम्ही तिला डब्या-बाटल्यांचा कचरा नेतात त्या दिवशी रस्त्यावर ठेवता?" तेव्हापासून सुयांच्या मागोमाग देवळात डिस्कांचंही होतं. गुरुजी मंत्र म्हणतात आणि प्रत्येक डिस्कला आरपार भोक पाडलं जातं, म्हणजे आतलं पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. भोक पाडायचं काम अर्थातच नोमांकडे. डिस्क टोफूत खुपसता येत नाही, म्हणून टोफू शेजारी ठेवतात. नंतर त्याचं सूप होतं.

यंदा आठ तारीख सोमवारी होती, म्हणून आम्ही शनिवारीच जमलो. थंडी होती. गुरुजींनी सुरुवात केली, नोमांनी डोळ्यांवर दवाखान्यातला चष्मा चढवला, ड्रिल सुरू झालं. ओची जरा उशिरा आले, बाईंच्या शेजारच्या उशीवर गुडघे दुमडून बसले. आपल्या डिस्कला निरोप द्यायला येणं त्यांना योग्य वाटलं होतं. वाटेत टपालकचेरीतून घेतलेला कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा त्यांच्या हातात होता.

"हिगाकीबाई," त्यांनी हळूच विचारलं, "पत्त्यांचं बटण कुठे गेलं?"

"कसले पत्ते?"

"नव्या वर्षाच्या पत्रांचे. सुमिए करायची. कार्डं घातली की पत्ते छापून यायचे. मी सगळीकडे बघितलं. नव्या घरात ते कुठे ठेवलेत?"

बाईंना संगणकातलं काही येत नाही, हे वर सांगितलंच. पण एवढं त्यांना आलं.

"आधी कुठे होते?"

"संगणकातच." ओचींच्या हिशेबी पत्ते हा यंत्राचाच भाग होता, जसा गाडीला भोंगा. मग त्यांची नजर समोरच्या ट्रेकडे गेली. खानावळीच्या मालकिणीची डिस्क ड्रिलखाली होती. तिच्या मागे ज्या चिठ्ठीवर 'ओची' लिहिलं होतं ती.

आमच्याकडच्या लग्नात कुणाची काही हरकत आहे का, असं विचारायची पद्धत नाही. श्राद्धात तर नाहीच. त्यामुळे फुसाए हिगाकी उभ्या राहून "थांबा!" म्हणाल्या तेव्हा काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुरुजींचा मंत्र अर्ध्या अक्षरावर थांबला. ड्रिल मात्र थोडा वेळ चालूच राहिलं, कारण नोमांना मधेच कुणी थांबवल्याचा अनुभव नव्हता.

"डॉक्टर! ती पुढची उचला तिथून. सावकाश. बाळासारखी."

नोमांनी ती उचलली आणि दोन्ही हातांनी बाईंकडे दिली, जसं आपण मानाच्या माणसाला नावाचं कार्ड देतो.

मंत्र पुरे झाल्यावर, सूप समोर आल्यावर, ओचींनी जे सांगितलं ते असं. सुमिए गेली त्या वर्षी सुतकाची कार्डं गेली होती, की यंदा आमच्याकडून शुभेच्छा नाहीत, तुम्हीही पाठवू नका. ती साप्पोरोच्या लेकीने येऊन याच यंत्रावरून छापली आणि लेक परत गेली. आता सुतक फिटलं. आणि सलग दोन वर्षं ज्याचं कार्ड येत नाही त्याचं नाव लोक खोडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात कुणाचा रागलोभ नसतो, रीतच आहे.

"खोडू देत की," सोगाबे म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की एवढं काय. "आजकाल पुष्कळ लोक स्वतःहूनच कळवतात, की वय झालं, यापुढे कार्डं बंद."

"माझी असती तर मीही तसंच कळवलं असतं," ओची म्हणाले. "माझी माणसं म्हणजे रंगखान्यातली चौघं. ती मासे घेताना भेटतात. ही सगळी तिची. शाळेतल्या. बेटावरच्या. ती बाळंतपणाला होती तिथली नर्स. मला नावं माहीत आहेत, घरं माहीत नाहीत. यंदा चुकलं की तिला ओळखणारं कुणी मला ओळखणार नाही."



बाईंनी वाटी खाली ठेवली. "चूक माझी आहे. आयुष्यभर प्रत्येक स्थळाला मी पहिला प्रश्न हाच विचारला, नव्या वर्षाला कुणाच्या घरी जाणार? सगळी लग्नं जानेवारीत मोडतात. पगार, रूप, सासू, सगळं नंतर. आणि किन्या-सानना मी विचारलंच नाही. का, तर ओळखीचं घर. ओळखीच्या घराची चौकशी दुप्पट करायची, हे गावाला मीच सांगत आलेय."

"तुम्ही आधीच सांगितलं होतं," नोमा म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा सूप प्यायला लागले.

दुपारी सभागृहात सोगाबेंनी जुनी डिस्क त्यांच्या यंत्राला जोडली, तिच्यातले पत्ते एका साध्या यादीत उतरवून घेतले, आणि मुक्त सिस्टिमींवर काय काय होऊ शकतं हे दाखवायला बसले. पुष्कळ होऊ शकतं. पहिलं नमुन्याचं कार्ड बाहेर आलं. पत्ता आमच्या लिहिण्याच्या रीतीने वरून खाली नीट उतरला होता, फक्त घरांचे आकडे कुशीवर झोपले होते आणि टपालाचा क्रमांक कार्डावर त्यासाठी छापलेल्या लाल चौकोनांच्या जरा डावीकडे उभा होता.

ओचींनी ते कार्ड दोन्ही हातांत धरलं. "छान आहे," ते म्हणाले.

"छान म्हणाले," सोगाबे खूश झाले.

"म्हणजे नको," बाई म्हणाल्या.

"काकू, हे मी नीट करतो. थोडा वेळ द्या मला."

"पंचवीस तारखेच्या आत पेटीत पडली तरच एक तारखेला सकाळी पोचतात. तुम्ही तिकीटघरात दिवसभर असता. तुमचा थोडा म्हणजे किती?"

सोगाबे प्रामाणिक आहेत. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि बोटं मिटून घेतली.

तेव्हा नोमांनी सुचवलं की लॅपटॉपमध्ये सीडीची खोबण रिकामीच आहे, तिथे जुनी डिस्क बसवावी. सुरू करताना कोणती हवी ते निवडायचं. जुनी निवडली तर जाळ्याशी संबंध तोडायचा, म्हणजे तिला कुणाची बाधा नको आणि तिची कुणाला नको. छपाईयंत्र तारेने जोडलेलंच आहे.

सोगाबे उभेच राहिले. "डॉक्टर! आपला क्लब कसला आहे? लोकांना त्या पिंजऱ्यातून बाहेर काढतो आपण, आणि आपल्याच हाताने परत आत? पुढच्या वर्षीही हेच करणार का? आणि त्याच्या पुढच्या? काही तत्त्व आहे की नाही?"

"सोगाबे-सान," बाई शांतपणे म्हणाल्या, "मी लग्नं जुळवते. दीक्षा देत नाही."

"पण काकू, तत्त्व..."

"तत्त्व चांगलंच आहे. म्हणून तर वर्षभर नांदायला मिंटच राहणार आहे. पण सून चार दिवस माहेरी गेली म्हणून संसार मोडतो का? डिसेंबरात हे यंत्र माहेरी जाईल. दार बंद, बाहेर कुणाशी बोलणं नाही, पत्रं लिहून झाली की परत. आणि तुम्हाला एवढं वाटतंय ना, तर पुढच्या डिसेंबरापर्यंत आकडे उभे करून आणा. मग माहेर बंद करू."

सोगाबे बसले. हरलेल्या माणसाला काम दिलं की तो हरलेला राहत नाही, हे बाईंना लग्नांतून कळलं होतं. सोगाबेंना मात्र ते अजून कळलेलं नाही.

एकवीस तारखेच्या रविवारी आम्ही ओचींच्या घरी जमलो. खरं तर नोमा एकटे पुरले असते. पण बाई निघाल्या म्हणून सोगाबे निघाले, सोगाबे निघाले म्हणून मी. ओचींनी किटलीभर चहा आणि भाजलेल्या रताळ्यांचं ताट मांडलं होतं. डिस्क बसली. यंत्राने विचारलं कोणती हवी, ओचींनी जुनी निवडली, आणि पडद्यावर सुमिएने लावलेलं चित्र आलं: व्हरांड्यात दोरीला वाळत टांगलेली पर्सिमनची सोललेली फळं. नोमा छताकडे बघू लागले. ओचींनी फक्त मान हलवली, घरी परत आलेल्या माणसाला बघून हलवतात तशी.

पत्त्यांचा कार्यक्रम उघडला. प्रत्येक नावापुढे कार्ड गेलं का, आलं का याच्या खुणा होत्या, आणि शेवटी शेऱ्याला जागा. सुमिएने ती भरपूर वापरली होती. ओची एकेक शेरा मोठ्याने वाचत होते आणि कार्डामागे हाताने एकेक ओळ लिहीत होते.

"'गुडघा दुखतो. विचारावं.'" त्यांनी विचारलं. "'मुलाबद्दल विचारू नये.'" नाही विचारलं. "'हिचं लोणचं खारट असतं. छान म्हणावं.'" इथे ते जरा थांबले. "म्हणजे मी इतकी वर्षं जे खाल्लं ते हिचं होतं."

"पुढे चला," बाई म्हणाल्या.

"हिगाकी, फुसाए." ओचींनी घसा साफ केला. "हे वाचू का?"

"वाचा की. मला काय लपवायचंय?"

"'नवऱ्याची तक्रार केली तर म्हणतात, मी आधीच सांगितलं होतं.'"

रताळं सोगाबेंच्या घशात अडकलं. नोमांनी त्यांच्या पाठीवर थापटलं, गरजेपेक्षा जोरात.

"खोटं आहे," बाई म्हणाल्या. "मी म्हणते, थोडं सांगितलं होतं." आणि जरा वेळाने, "तक्रार कसली, तेही लिहिलंय?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग मीही नाही सांगणार."

कार्डं एकेक करून छापून बाहेर येत होती. आकडे उभे, क्रमांक लाल चौकोनांत. सोगाबेंनी एक उचलून उजेडात धरलं, मोजपट्टी मागितली आणि चौकोनांची मापं घेऊन खिशातल्या कागदावर लिहून ठेवली. कुणी त्यांना काही विचारलं नाही. संध्याकाळी ओचींनी सगळा गठ्ठा निळ्या कापडात बांधला आणि आम्ही सगळेच कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेलो, कारण घरी जायची वाट तीच होती. पेटीच्या नव्या वर्षाच्या पत्रांसाठी राखलेल्या फटीत त्यांनी मूठमूठ करून कार्डं सोडली. शेवटी हात आत घालून खात्रीही केली.

पत्रं गेली, पण समोरचीही यायला हवीत. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. दोन वर्षांचा हिशेब तिकडूनही असतो. सुतकामुळे गप्प बसलेल्या माणसाला यंदा आठवणीने कुणी लिहिलं असेल का, याचं उत्तर एक तारखेच्या सकाळी टपालाच्या लाल मोटारसायकलवर यायचं होतं.

एक तारखेला मी सकाळी देवळात जाऊन परतताना ओचींच्या गल्लीतून आलो. ही माझी रोजची वाट नाही. तिथे बाई आधीच होत्या, काळ्या किमोनोत. डांबराच्या गोळ्यांचा वास कोपऱ्यापासून येत होता. त्या म्हणाल्या की शेजारी एकांना शुभेच्छा द्यायला आले होते. ओची अंगणात टपालपेटीसमोर उभे होते. त्यांच्या हातात रबराने बांधलेला गठ्ठा होता आणि रबर ताणून पांढरं पडलं होतं.

"आली," ते म्हणाले.

"किती?" बाईंनी विचारलं आणि लगेच, "राहू दे, दिसतंय."

"नर्सचं आलंय. ती रिटायर झाली." त्यांनी एक कार्ड पुढे केलं. "ही विचारते, तुम्ही गळ टाकायला जाता का अजून. सुमिएने सांगितलं असणार हिला."

"मग उत्तर द्या."

"देतो. पण आधी आलेल्यांच्या खुणा करायला हव्यात. ती लगेच करायची." ओची जरा घुटमळले. "म्हणजे यंत्राला माहेरी अजून थोडे दिवस..."

"जानेवारीभर राहू दे," बाई म्हणाल्या. "सोगाबेंना मी सांगते."

जानेवारीच्या बैठकीला ओचींनी संत्र्यांची पेटी सभागृहातच आणली. सोगाबेंनीही काहीतरी आणलं होतं. ते त्यांनी सगळे जमेपर्यंत पिशवीत ठेवलं आणि मग टेबलावर मांडलं. त्यांनी सुट्टीत लिहिलेल्या कार्यक्रमाने, डेबियनवरून छापलेलं कार्ड होतं ते. ओचींनी चष्मा लावला, कार्ड दोन्ही हातांत घेतलं, खिडकीपाशी नेलं.  ते छान म्हणतील अशी आम्हाला भीती होती.

"क्रमांक अजून केसभर डावीकडे आहे," ओची म्हणाले. "पण आकडे उभे आहेत."

सोगाबेंचे कान लाल झाले. पुढच्या बैठकीपर्यंत केसभर सरकवतो म्हणाले. ओची म्हणाले, घाई नाही, डिसेंबरला अजून वेळ आहे. आणि मग म्हणाले की तेव्हाही शेरे मात्र जुन्यातच जाऊन वाचीन म्हणतो, चालेल ना? सोगाबेंनी बाईंकडे पाहिलं. बाई संत्रं सोलत होत्या.

"माहेर आहे," त्या म्हणाल्या. "आपण कोण बंद करणारे?"

दारात एक बाई लॅपटॉप छातीशी धरून उभ्या होत्या. मासळीबाजारातल्या, नवऱ्याच्या पश्चात दुकान चालवणाऱ्या. हिगाकीबाईंनी त्यांना उशी दिली, संत्र्याच्या फोडी पुढे केल्या, आणि समोर बसल्या.

"नव्या वर्षाला काय करता?"

"नव्या वर्षाला?" त्या बाई चक्रावल्या. मग त्यांनी विचार केला. "झोपते. वर्षातले तेच तीन दिवस दुकान बंद असतं."

"सुखी आहात," हिगाकीबाई म्हणाल्या, आणि मान वळवून हाक मारली, "सोगाबे-सान, थोरली सून आणा."